एका मिलिमीटरचा फरक

ग्वाल्हेर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर सुमारे १,२२६ किलोमीटर. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना या वाटेवरची स्थानके तोंडपाठ असतात: झाशी, बीना, भोपाळ, इटारसी, खंडवा, भुसावळ, चाळीसगाव, मनमाड, इगतपुरी, कसारा, कल्याण, दादर. पंजाब मेल १९१२ पासून धावते आहे. लग्नकार्याला हीच गाडी, मे महिन्याच्या सुटीला हीच गाडी, आणि घरात कुणाच्या गालात न भरणारी जखम निघाली की परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायलाही हीच गाडी.

या रुळांच्या मापाने एक हिशेब मांडू. माणसाच्या डीएनएमध्ये ए, टी, जी, सी अशी चारच रासायनिक अक्षरे आहेत. ती एका विशिष्ट क्रमाने येत राहतात आणि हा सगळा मजकूर सुमारे ३०९ कोटी अक्षरांचा भरतो. समजा, एका अक्षराला एक मिलिमीटर जागा दिली आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी असलेल्या फूलबागेतून ही ओळ रुळाच्या कडेने मांडत निघालो. हा मजकूर गुणसूत्र नावाच्या खंडांत विभागलेला असतो. पहिले गुणसूत्र संपते २४९ किलोमीटरवर, म्हणजे बीना स्थानकाच्या तोंडाशी. सहावे गुणसूत्र संपते १,२३२ किलोमीटरवर. तोवर मुंबई आलेली असते. अजून सोळा गुणसूत्रे आणि एक्स, वाय उरलेलीच असतात. म्हणून माघारी फिरायचे, फूलबागेपर्यंत यायचे, पुन्हा मुंबईच्या दिशेने निघायचे. ओळ अखेर संपते तिसऱ्या खेपेत, खंडव्याच्या थोडे अलीकडे. सगळे मिळून जवळजवळ ३,१०० किलोमीटर. आणि हा मजकूर प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतो, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. अप आणि डाउन रुळांसारख्या दोन ओळी शेजारी शेजारी.

हा दुहेरी मजकूर प्रत्यक्षात पेशीच्या केंद्रकात मावतो. उलगडला तर एका पेशीतला धागा साधारण दोन मीटर भरतो. शरीरात केंद्रक असलेल्या सुमारे तीन लाख कोटी पेशी आहेत. त्या सर्वांतला डीएनए जोडला तर ६०० कोटी किलोमीटर होतात. पृथ्वी ते सूर्य हे अंतर १५ कोटी किलोमीटर. एका माणसाच्या अंगात अशी चाळीस अंतरे भरतील एवढा धागा आहे.

स्लीपरागणिक एक फरक

शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांच्या मजकुरांत किती फरक असतो? जगभरातल्या २६ लोकसमूहांतील २,५०४ माणसांचे डीएनए वाचून २०१५ मध्ये याचे उत्तर देण्यात आले. ठरलेल्या संदर्भ-मजकुराशी ताडून पाहिले तर एका माणसात ४१ ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. बहुतेक ठिकाणी तो एकाच अक्षराचा असतो. आपल्या मापाने म्हणजे दर ६५-७० सेंटीमीटरला एका मिलिमीटरची खूण. रुळाखालच्या दोन स्लीपरमधले अंतरही जवळपास तेवढेच. फूलबागेपासून निघावे आणि जवळजवळ प्रत्येक स्लीपरवर एक बारीक खूण दिसत जावी, असा हा फरक आहे. त्यातल्या बहुसंख्य खुणांचा आपल्या प्रकृतीवर काहीच परिणाम होत नाही. थोड्यांचा होतो. त्या थोड्यांतल्या काही खुणा डोके आणि मान या भागाच्या कर्करोगाशी जोडलेल्या आहेत.

डोके-मान म्हणजे ओठ, जीभ, गाल, हिरड्या, टाळू, घसा आणि स्वरयंत्र. मेंदूचा कर्करोग यात मोजत नाहीत. या गटातला भारताचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तोंडाचा कर्करोग. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण निघाले. त्यातले १ लाख ४३ हजारांहून अधिक एकट्या भारतातले. मृत्यू जवळजवळ ८० हजार. दिवसाला ३९० हून अधिक नवे रुग्ण, दर पावणेचार मिनिटांना एक. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेर शहराची लोकसंख्या साडेदहा लाख होती. तेवढी माणसे हा आजार सव्वासात वर्षांत गाठतो. पंजाब मेल ग्वाल्हेरहून निघून वीस तासांनी मुंबईच्या जवळ येते तोवर देशात सव्वातीनशे नव्या माणसांच्या तोंडात हा रोग आलेला असतो.

दहा हजारांतले सात कोण?

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतात जवळजवळ २० कोटी प्रौढ बिनधुराची तंबाखू खात असल्याचे आढळले. मध्य प्रदेशात शंभर प्रौढांमागे २८, महाराष्ट्रात २४. आता १ लाख ४३ हजार नव्या रुग्णांना २० कोटींनी भागा. सगळे रुग्ण तंबाखू खाणारेच होते असे धरले तरी वर्षाला दहा हजार खाणाऱ्यांमागे सात.

टपरीवर ऐकू येणारा युक्तिवाद याच आकड्यातून जन्मतो. "आमचे आजोबा आयुष्यभर तंबाखू मळत होते, नव्वदीला गेले." आजोबा खरेच गेले असतील नव्वदीला. त्यांच्याच वाड्यातला, तीच तंबाखू, तोच चुना खाणारा दुसरा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी जबडा गमावून बसला, हेही तितकेच खरे असते. विष एकच, तर निकाल वेगळा का? शास्त्रज्ञांनी त्यासाठी ही ३,१०० किलोमीटरची ओळ चाळायला घेतली.

वाटेवरची स्थानके

पहिला थांबा झाशीच्या पुढे, फूलबागेपासून सुमारे ११० किलोमीटरवर. इथे जीएसटीएम१ हे जनुक आहे. तंबाखूतून येणाऱ्या घातक रेणूंना पाण्यात विरघळणारी शेपटी जोडून शरीराबाहेर काढण्याजोगे करणाऱ्या विकरांपैकी एक या जनुकातून तयार होतो. पुष्कळ लोकांत हे जनुक बिघडलेले नसते, ते नसतेच. तेवढा तुकडा, आपल्या मापाने पंधरा-सोळा मीटरचा, ओळीतून गळलेला असतो. युरोपीय वंशाच्या साधारण निम्म्या लोकांच्या दोन्ही ओळींत तो गळलेला आहे. भारतात समाजागणिक हे प्रमाण बदलते, पण ढोबळमानाने तिघांत एकाकडे हे जनुक नाही. त्याचे भावंड जीएसटीटी१ बाविसाव्या गुणसूत्रावर, तिसऱ्या खेपेत भोपाळ ओलांडताना लागते. तेही अनेकांत असेच गायब असते.

भुसावळ स्थानकाजवळ, ७८९ किलोमीटरवर, एडीएच१बी आहे. दारू पचवणाऱ्या विकराचे हे जनुक. त्यातल्या एका अक्षराच्या बदलाने विकर झपाट्याने काम करतो, पिणाऱ्याला लवकर त्रास होतो, असे लोक मुळात कमी पितात आणि त्यांच्यात या कर्करोगांचा धोकाही कमी आढळतो. मुंबईहून परतताना भोपाळ यायच्या थोडे आधी एएलडीएच२ लागते. दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या अॅसिटाल्डिहाइड या विषाची विल्हेवाट त्याच्याकडे असते. त्यातल्या एका अक्षराच्या बदलाने हे काम जवळपास थांबते. जगात सुमारे ५४ कोटी माणसे हा बदल बाळगून आहेत. जवळजवळ सगळी पूर्व आशियातली, भारतात तो क्वचित. अशा माणसाने दारू चालू ठेवली तर घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका चांगलाच वाढतो.

इगतपुरी आणि कसाऱ्याच्या मध्ये, थळ घाटात, सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए प्रदेश आहे. आपल्या पेशी कोणत्या आणि परक्या कोणत्या हे ओळखण्याची व्यवस्था इथे लिहिलेली असते. माणसामाणसांतले वैविध्य या चार-पाच किलोमीटरांच्या पट्ट्यात इतके दाट आहे की साऱ्या ओळीत त्याला तोड नाही. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासात या पट्ट्यातला एक विशिष्ट जनुक-संच असणाऱ्यांना पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे एक-चतुर्थांश आढळला.

पुढची स्थानके आहेत डागडुजीची. तिसऱ्या खेपेत बीनाच्या अलीकडे, एकमेकांपासून जेमतेम दोन किलोमीटरवर, एक्सआरसीसी१ आणि ईआरसीसी२ ही दोन जनुके येतात. डीएनएला पडलेल्या भेगा सांधणाऱ्या यंत्रणेचा ती भाग आहेत. शरीराच्या एकेका पेशीत दररोज डीएनएला किमान दहा हजार जखमा होतात, त्याही तंबाखूशिवाय, निव्वळ पाण्यामुळे आणि श्वासोच्छ्वासाच्या रसायनामुळे. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या दुरुस्त होतात. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल थॉमस लिंडाल, पॉल मॉडरिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आणि ग्वाल्हेरपासून तिसऱ्या खेपेत ४६ किलोमीटरवर, डबऱ्याच्या जरा पुढे, टीपी५३. बिघडलेल्या पेशीला विभाजन थांबवायला लावणारे, दुरुस्ती होत नसेल तर तिला मरायला लावणारे हे जनुक. ते पसरते सुमारे वीस मीटरवर, पण त्यातला प्रथिनाचा प्रत्यक्ष आराखडा १,१८२ अक्षरांचा, म्हणजे एक मीटर १८ सेंटीमीटर. त्यातले २१५ वे अक्षर काहींत सी असते, काहींत जी. एवढ्याने ३९३ अमिनो आम्लांच्या साखळीतला ७२ वा मणी बदलतो: प्रोलीनच्या जागी आर्जिनीन. दोन्ही रूपे निरोगी माणसांत सर्रास सापडतात. या एका मिलिमीटरवर जगभर शेकडो शोधनिबंध निघाले. तोंडाच्या कर्करोगाबाबत काहींना धोका वाढलेला दिसला, काहींना अजिबात नाही.

आकडे फसवतात कसे

अशी परस्परविरोधी उत्तरे का येतात, हेही आकड्यांतूनच कळते. शंभर-दोनशे रुग्ण आणि तेवढेच निरोगी लोक घेऊन एखादे अक्षर तपासले, तर योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता वीसात एक, अशी चाळणी पूर्वी पुरेशी मानली जाई. पण साऱ्या ओळीवरची साधारण दहा लाख स्वतंत्र ठिकाणे या चाळणीने तपासली तर ५० हजार ठिकाणी निव्वळ योगायोगाने धोका दिसेल. म्हणून आता नियम कडक झाला. योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असेल तरच शोध मानायचा. एवढी बारीक चाळणी लावायची तर माणसे हजारांनी लागतात.

२०१६ मध्ये युरोप, उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ६,०३४ रुग्णांची ६,५८५ निरोगी माणसांशी तुलना झाली. तोंड आणि घशाच्या कर्करोगाशी जोडलेली मोजकीच स्थाने या चाळणीतून पार पडली. त्यात भुसावळजवळचे एडीएच१बी होते, थळ घाटातला एचएलए होता, आणि येता-जाता चाळीसगावच्या आसपास लागणारी दोन स्थानेही होती, एक पाचव्या गुणसूत्रावरचे आणि एक नवव्या.

पण त्यात भारत नव्हता. जगातल्या अशा जनुक-अभ्यासांत सामील झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक युरोपीय वंशाचे आहेत. तोंडाचा कर्करोग सर्वाधिक इथे आणि त्याच्या जनुकांचा शोध तिथे, असे दीर्घकाळ चालले. आता चित्र पालटते आहे. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघरच्या अॅक्ट्रेक या संशोधन संस्थेत, कर्करोगाच्या साथरोगशास्त्र विभागाने गालाच्या आतल्या कर्करोगाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण आणि जवळपास तेवढीच निरोगी माणसे घेऊन भारतीयांची सारी ओळ चाळली. तंबाखू खाणाऱ्यांमध्येही ज्यांचा जनुकीय धोका जास्त, त्यांना हा रोग सुमारे दहा वर्षे आधी गाठतो, असे त्यातून दिसले. याआधी २०१३ मध्ये अॅक्ट्रेक आणि कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून हिरडी-गालाच्या ११० भारतीय गाठींतले बिघाड नोंदवले होते.

खानोलकरांची वाट

या शोधाचे मूळ मात्र मराठी माणसाच्या प्रयोगशाळेत आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांनी फक्त गाठ पाहिली नाही. माणूस कुठल्या समाजाचा, काय चघळतो, काय ओढतो, तोंडात ते कुठे धरतो हे विचारले. पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांना टाळूचा कर्करोग, खालच्या ओठामागे खैनी धरणाऱ्यांना ओठाचा. पदार्थ जिथे टेकतो तिथेच रोग उगवतो, हे त्यांनी १९४५ च्या लेखात दाखवले.

आणि त्याच माणसाने दुसरा प्रश्नही विचारला. १९४९ मध्ये एल. डी. संघवी यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या सहा समाजांतली सात आनुवंशिक लक्षणे मोजली. आपापसातच लग्ने करणारे हे समाज एकाच शहरात राहत असूनही त्यांचा आनुवंशिक साचा वेगळा होता. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांत मांडला. सवय आणि आनुवंशिकता हे दोन्ही धागे एकाच टेबलावर होते, माणसाची ओळ वाचून व्हायच्या अर्धशतक आधी.

त्यांची शंका पुढे खरी निघाली. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाने देशात ४,६३५ समाज नोंदवले आहेत. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा त्यातले ८१ समूह असे निघाले की त्यांच्यातले आनुवंशिक नाते फिनलंडच्या लोकांपेक्षाही दाट होते. म्हणजे 'भारतीय जनुक' अशी एकच वस्तू नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घराची ओळ, चंबळकाठच्या गावातल्या घराची ओळ आणि बुंदेलखंडातल्या घराची ओळ यांत खुणांची वाटणी वेगळी असू शकते. याचसाठी जीनोम इंडिया प्रकल्पाने २०२४ पर्यंत दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण ओळी वाचून काढल्या. १४० कोटींत दहा हजार म्हणजे १ लाख ४० हजारांमागे एक. सुरुवात झाली आहे, एवढेच.

गुणाकार

आता या सगळ्या स्थानकांचा खरा वजनकाटा पाहू. झाशीपुढचे जीएसटीएम१ ज्यांच्याकडे नाही, त्यांचा डोके-मान कर्करोगाचा धोका अनेक अभ्यास एकत्र केल्यावर भरला साधारण सव्वापट. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला असेल तर धोका सुमारे १.७ पट, हे जवळजवळ नऊ हजार रुग्णांच्या माहितीतून निघालेले माप. आणि भारतात तंबाखूचे पान किंवा तशीच तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांचा तोंडाच्या कर्करोगाचा धोका? न खाणाऱ्यांच्या ७.७ पट. तंबाखूविना नुसते सुपारीचे पानही अडीच पट.

एक गणित करून पाहू. समजा, दर एकाने धोका १.२ पट करणारी दहा अक्षरे आहेत आणि ती सगळी एकाच माणसात आली. १.२ ला स्वतःने दहा वेळा गुणले की ६.२ येतात. तंबाखूच्या बरोबरीलाही नाही. आणि प्रत्येक अक्षर दहांतल्या तिघांकडे असते असे धरले तर दहाच्या दहा एकाच माणसात येण्याची शक्यता १ लाख ७० हजारांत एक. निसर्गाला जे करायला १ लाख ७० हजार माणसांची सोडत काढावी लागते, त्याहून अधिक धोका टपरीवर काही रुपयांत, रोज, हवा तेवढा मिळतो. तोही ज्याच्या खुणा आधीच वाईट आहेत त्याच्या धोक्यावर चढून बसतो, कारण हे आकडे बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतात.

अपवाद आहेत. डबऱ्याच्या अलीकडे, टीपी५३ च्या सव्वाआठ किलोमीटर आधी, फँकाए नावाचे जनुक आहे. त्याच्या दोन्ही ओळी बिघडल्या तर फॅन्कोनी अॅनिमिया हा दुर्मीळ आजार होतो, आणि अशा मुलांत तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका शेकडो पटींनी वाढतो. तिथे जनुकाचा शब्द खरोखर शेवटचा असतो. पण असे रुग्ण लाखांत एखादे. बाकी सगळ्यांसाठी जनुके निकाल लावत नाहीत, निकाल किती वेगाने लागेल हे ठरवण्यात हात लावतात.

पेशीच्या आत डोकावले तरी हेच दिसते. २०१६ मध्ये पाच हजारांहून अधिक गाठींचा डीएनए तपासून हिशेब मांडला गेला. वर्षभर रोज एक पाकीट सिगारेट ओढली तर स्वरयंत्राच्या एकेका पेशीत सरासरी ९७ कायमचे बदल होतात, घशाच्या पेशीत ३९, तोंडाच्या पेशीत २३. वीस वर्षांत तोंडाच्या एका पेशीत ४६०. ओळीत ३०९ कोटी अक्षरे असताना ४६० म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण तोंडाच्या आतले अस्तर दोन-तीन आठवड्यांत नवे होते, कोट्यवधी पेशी सतत विभागत असतात, आणि त्यातल्या एखाद्याच पेशीत हे बदल डबऱ्याच्या त्या एक मीटर १८ सेंटीमीटरमध्ये पडले तरी पुरते. अमेरिकेत २७९ गाठी तपासल्या तेव्हा पॅपिलोमा विषाणूशिवाय झालेल्या गाठींपैकी शंभरात ८४ गाठींत टीपी५३ बिघडलेले होते. जन्मजात सी असो की जी, तंबाखू ते सरसकट मोडते.

गाल, टॉर्च आणि तीन बोटे

मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आणली. देशातले हे पहिले राज्य. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये पाऊल टाकले. त्यानंतर दोन पुड्यांची पद्धत आली: एका पुडीत पानमसाला, दुसऱ्या पुडीत तंबाखू. घेणारा दुसरी पुडी पहिलीत ओततो, तोंड बंद करून हलवतो, डोके मागे टाकून सगळे गालात सोडतो. गालाच्या आत, खालच्या दाढांच्या बाजूला, जिथे हा गोळा तासन् तास बसतो, तिथले अस्तर आधी पांढरट होते. मग ते ताठ होते. सुपारीमुळे तोंड आक्रसत जाण्याचा हा आजार, सबम्युकस फायब्रोसिस, १९५२ मध्ये केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला आणि पुढच्या वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातून त्याचे वर्णन केले. केरळात या रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले तेव्हा शंभरात सात-आठ जणांना कर्करोग झाला. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात जात नसतील, तर ती तपासणीची वेळ आहे, चघळण्याची नव्हे.

या तपासणीची ताकद मोजलेली आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ भागांतल्या १ लाख ९१ हजार ८७३ प्रौढांवर मोठी चाचणी झाली. जवळपास निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघर जाऊन उजेडात तोंड उघडायला सांगत, गाल बाजूला करून पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम, गाठ आहे का पाहत. नऊ वर्षांनी हिशेब झाला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागांत ३४ टक्क्यांनी कमी होते. जनुक वाचायचे यंत्र नाही, रक्ताची चाचणी नाही. एक टॉर्च आणि पाहणारे डोळे.

सोडण्याचेही माप आहे. धूम्रपान सोडल्यावर पहिल्या चार वर्षांच्या आतच डोके-मान कर्करोगाचा धोका साधारण ३० टक्क्यांनी उतरतो आणि वीस वर्षांनी तो कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो. आपली ओळ बदलता येत नाही. तिच्यावर रोज होणारे घाव थांबवता येतात, आणि थांबले की डागडुजीची जनुके आपले काम करतात.

म्हणून "आजोबांना काही झाले नाही" याला माझे उत्तर एवढेच. आजोबांची अर्धी ओळ आईत किंवा वडिलांत आली आणि सरासरीने पाव तुमच्यात. उरलेली तीन-चतुर्थांश ओळ दुसऱ्या माणसांची आहे. एका जोडप्याला, गुणसूत्रांची केवळ वाटणी बदलून, ७० लाख कोटींहून अधिक वेगवेगळी मुले होऊ शकतात. आजोबांच्या कुठल्या स्लीपरवरची कुठली खूण तुमच्याकडे आली हे तुम्हाला माहीत नाही, आणि आज कुणी वाचून दाखवली तरी तिचा अर्थ नक्की सांगता येईल एवढे भारतीयांचे जनुकशास्त्र अजून पुढे गेलेले नाही. ते जाईल, जायलाच हवे, आणि त्यासाठी ग्वाल्हेरसारख्या शहरांतल्या कर्करोग रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांचे नमुने त्या अभ्यासांत यायला हवेत. तोवर ज्या घरात कुणी पुडी फोडते, त्या घराने करायचे काम स्पष्ट आहे. पुडी सुटावी म्हणून मागे लागायचे, सुटत नसेल तर १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मागायची, आणि दर तीन-सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यायचे. तीन हजार किलोमीटरच्या ओळीत आपल्या हातात असलेला भाग फारच लहान आहे. पण धोक्याचा सर्वांत मोठा आकडा नेमका त्याच भागात आहे.